तेरापचा किल्ला आणि रापिआवहिनी

पत्रं मी लिहायचो. मातुसिन मिस्त्रीला वाकस धरता यायची, लेखणी नाही. आणि किल्ल्यावर लिहिणारा मी एकटाच, तामिन कारकून. संध्याकाळी मिस्त्री हातपाय धुऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचा, दोनदा खाकरायचा आणि दर वेळी तेच सांगायचा. काम उरकत आलंय, अजून तीन महिने, मग निघतो. मी ते चांगल्या शब्दांत बसवायचो, वर सलाम, खाली दुवा. ओंग नावाचा चिनी व्यापारी मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर यायचा, त्याच्या होडीतून पत्र खाली जायचं. वर यायला अकरा दिवस, खाली जायला त्याहून कमी. मग समुद्राकाठच्या त्यांच्या गावात तिथले इमाम ते मिस्त्रीच्या बायकोला वाचून दाखवायचे.

चौथ्या पत्राला उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी रापिआवहिनीच आली.

भर दुपारी ओंगची होडी लागली आणि तीतून एक बाई उतरली. डोक्यावर गाठोडं, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात. किल्ल्यावर पंचवीस पुरुष होतो. दीड वर्षात आम्ही तिथे आपल्या बाजूची बाई पाहिली नव्हती. शिपाई हातातलं काम टाकून बघत राहिले. तिनं नवऱ्याची चौकशी केली नाही. विचारलं, कारकून कोण?

मी पुढे झालो.

“तीन महिने लिहिणारा तूच का?”

“ते सांगतात तेच मी लिहितो, वहिनी.”

“ते सांगतात ते लिहितोस. आणि तुझे डोळे काय सरकारजमा केलेस?”

मागे किल्ला उभा होता, म्हणजे त्याचे नुसते खांब. त्यांच्यावर छप्पर नव्हतं. कोणीही सांगितलं असतं की तीन महिन्यांत हे होत नाही. आणि हा दुसरा किल्ला होता. पहिला कुठे गेला, हे एकाही पत्रात आम्ही लिहिलं नव्हतं.

तर पहिल्याची गोष्ट. इबान म्हणजे इथले मूळचे लोक. नदीच्या वरच्या अंगाचे इबान आणि खालचे इबान यांचं जुनं वैर. डोकी कापून न्यायचे एकमेकांची. राजाच्या सरकारनं ठरवलं, तेराप ओढा मोठ्या नदीला मिळतो त्या मुखावर किल्ला बांधायचा, दोन पितळी तोफा ठेवायच्या, म्हणजे युद्धाच्या होड्या खाली उतरणार नाहीत. त्यासाठी गॅरिक साहेब पाठवला. चोवीस वर्षांचा, उंच, सारखा हिवतापानं आजारी. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडे राजधानीत मंजूर झालेला नकाशा होता, आणि नकाशात किल्ला दोन्ही पाण्यांच्या मधल्या सपाटीवर काढलेला होता. तिथून तोफेला दोन्हीकडचं दिसतं, म्हणून.

मातुसिन मिस्त्री म्हणजे किनाऱ्यावरचा पहिल्या नंबरचा सुतार. होड्या बांधाव्यात त्यानं, घरं बांधावीत त्यानं. एका कोरड्या हंगामाचं काम म्हणून त्याला आणला. जागा पाहिल्यावर त्यानं शेजारच्या इबान वस्तीचा मुखिया मेरिंगाई याला विचारलं, पाणी कुठवर येतं? मेरिंगाईनं त्याला सपाटीवरच्या एका जुन्या झाडापाशी नेलं आणि बोट वर केलं. मिस्त्रीच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीला खोडावर वाळल्या गाळाची रेघ होती. नदी कधीकधी आपलं सामान न्यायला येते, मेरिंगाई म्हणाला.

मिस्त्रीनं साहेबाला ती रेघ दाखवली. मी मध्ये दुभाष्या होतो. साहेबानं रेघ नीट पाहिली, मान हलवली, राजधानीला पत्र लिहिलं. चाळीस दिवसांनी उत्तर आलं की मंजूर नकाशाप्रमाणे करावे. तोवर खांब रोवून झाले होते.

ते लाकूड तुम्ही उचललेलं नसेल. लोखंडासारखं जड, पाण्यात टाकलं तर सरळ तळाला जातं. दोन बांबूच्या तराफ्यांच्या मध्ये बांधून एकेक ओंडका आणावा लागे. पटाशी लावली की पटाशीचंच पातं जायचं. मजूर मेरिंगाईच्या लांबघरातले. लांबघर म्हणजे एकाच लांबलचक छपराखाली अख्खं गाव. ती माणसं कामाला वाघ, पण सकाळी येताना वाटेत शकुनाचा पक्षी चुकीच्या बाजूनं ओरडला की तिथूनच परत. मिस्त्री चिडायचा, आकाशाकडे बघून पक्ष्याला शिव्या घालायचा. सात महिन्यांत किल्ला झाला. त्यावर झेंडा चढला, तोफ उडवली, साहेबानं आम्हा सगळ्यांना बिस्किटं वाटली. एकविसाव्या दिवशी नदी आली आणि किल्ला घेऊन गेली. तोफा तेवढ्या सापडल्या, गाळात तोंड खुपसून.

साहेबानं पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर आलं, खांबांची उंची वाढवावी. जागेबद्दल एक अक्षर नाही.

हे सगळं रापिआवहिनीनं ओंगच्या मिठाच्या पोत्यावर बसून ऐकून घेतलं. मिस्त्री समोर उभा, हातात मोजपट्टी, चुकलेल्या पोरासारखा. मग तिनं आपलं सांगितलं. त्यांची मुलगी सेना, तिचं लग्न ठरून वर्ष झालं होतं. आमच्यात बाप हयात असताना बापानंच मुलगी द्यावी लागते. मुलाकडचे थांबले, थांबले, आता रोजे संपेपर्यंत मुदत दिलीय. त्यानंतर ते दुसरीकडे बघणार.

मी सुचवलं की मिस्त्रीनं अंगठा लावून अधिकारपत्र द्यावं, इमाम त्याच्या जागी उभे राहतील. शास्त्राला चालतं.

“शास्त्राला चालत असेल,” वहिनी म्हणाली. “बाप जिवंत असताना पोरगी कागदाच्या हातून द्यायची? मग मला तरी कशाला ठेवलंय, मलाही एक कागद लिहून दे, मी बसते घरी.”

तिला घेऊन मी साहेबाकडे गेलो. साहेब खाटेवर पांघरुणात कुडकुडत होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, मिस्त्री गेला तर काम थांबेल, दुसरा मिस्त्री मिळायला सहा महिने, आणि करारात लिहिलंय, काम पुरं होईपर्यंत. शिवाय किल्ल्याच्या हद्दीत बायकांना राहायची परवानगी नाही. हे शेवटचं तो जरा खाली बघून म्हणाला.

“हद्द कुठवर?” वहिनीनं मला विचारलं. मी सांगितलं, सपाटी संपेपर्यंत.

सपाटी संपते तिथे टेकडी. टेकडी मेरिंगाईच्या लोकांची. त्यांच्या पूर्वजांचं लांबघर पूर्वी तिथे होतं, त्यांनी लावलेली दुरियानची झाडं अजून फळत होती. वहिनी सरळ मेरिंगाईकडे गेली. भाषा येत नाही, काही नाही, पण तासाभरात परत आली ती जागा घेऊन. झाडाला हात लावायचा नाही आणि फळाच्या दिवसांत वाटेत उभं राहायचं नाही, एवढ्याच अटी. मेरिंगाईला ती बाई आवडली होती. नंतर त्यानं मला सांगितलं, नवऱ्याला शोधत अकरा दिवस प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या बाईला जागा नाही म्हणणं हा अपशकुन.

मिस्त्री दिवसा साहेबाचा किल्ला बांधायचा आणि संध्याकाळी टेकडीवर बायकोचं घर. बारा दिवसांत घर झालं, पानांचं छप्पर, बांबूची जमीन. रोज त्या घरातून तिचा आवाज खाली यायचा. हे घर नव्हे, हा मुक्काम आहे, असं ती मिस्त्रीला बजावायची. खिळा मारू नकोस, नुसतं बांध.

तरी चूल पेटलीच. सुक्या जवळ्याची चटणी, नारळात शिजवलेला भात, भाजलेली केळी. शिपायांचे पाय आपोआप टेकडीकडे वळू लागले. ओंगनं पाहिलं की माणसं रोज तिथे चढतात, तर त्यानं आपलं दुकान होडीतून उचलून वहिनीच्या घराशेजारी मांडलं. तिला ते मुळीच पटलं नाही. त्याच्या मासळीचा वास, त्याची कोंबडी, त्याचं पहाटेचं खोकणं. दोघं भांडायचे, तो त्याच्या भाषेत, ती तिच्या.

रोजे आले आणि गेले. मुलाकडच्यांचा निरोप आला की अजून चार चंद्र थांबतो, मिस्त्रीच्या हाताला मान आहे म्हणून. वहिनीनं निरोप ऐकला आणि मिस्त्रीच्या हातात वाकस दिली.

दुसरा किल्ला छपरापर्यंत आला तेव्हा पुन्हा नदी आली. यावेळी सकाळी, उजाडता उजाडता. तीन दिवस वरच्या अंगाला पाऊस पडत होता. पाणी खांबांच्या वर चढलं, मग जमिनीच्या फळ्या चरचरू लागल्या. मिस्त्री एका खांबाला हात लावून उभा होता. मी त्याला बाहेर ओढत होतो, पण त्याचा हात सुटेना. तो त्या खांबाच्या खाचेत बोट घालून बघत होता, सांध्याचं कुसू निसटतंय का. निसटलं नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तोच अख्खा सांगाडा एकसंध उचलला गेला, कुठेही न मोडता, आणि वळणावर जाऊन झाडांत अडकला. त्याच्या कामात खोट नव्हती. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

आम्ही सव्वीस माणसं, दोन तोफांपैकी एक, आणि गुंडाळलेला झेंडा, सगळे टेकडीवर वहिनीच्या घरात. नऊ दिवस पाणी उतरलं नाही. साहेबाला ताप होता, त्याला तिनं आपल्या चटईवर निजवलं आणि पेज पाजली. पाजताना सारखं बोलत होती. साहेबाला मलय भाषा बऱ्यापैकी कळायची, पण तो डोळे मिटून पडून राहायचा.

दहाव्या दिवशी तो उठून बाहेर आला. टेकडीवरून दोन्हीकडचं पाणी दिसत होतं, सपाटीवरून दिसायचं त्याहून जास्त. राजधानीला न विचारता तो म्हणाला, किल्ला इथे. मग त्यानं पावलं मोजली, आणि शेवटचं पाऊल वहिनीच्या चुलीत पडलं.

घर हलवावं लागेल, असं त्यानं मला तिला सांगायला लावलं. मी सांगितलं. ती भांडी घासत होती. हात पुसून ती साहेबासमोर येऊन उभी राहिली. मला मध्ये बोलू दिलं नाही.

“हलवते. आज हलवते. माझ्या नवऱ्याला दोन महिने सोडा, पोरीचं लग्न लावून तो परत येईल.”

साहेब म्हणाला, “आधी किल्ला, बाई.”

“आधी किल्ला. दोन किल्ले दिलेत तुम्ही नदीला. तिनं मागितले होते का? ह्यानं तुम्हाला रेघ दाखवली होती. त्यानं दाखवली होती.” तिनं बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या मेरिंगाईकडे बोट केलं. “तुम्ही चाळीस दिवस कागदाची वाट बघता. माझ्या पोरीचं वय कागदाची वाट बघत नाही. आणि ज्या चटईवर नऊ दिवस झोपलात, ती उचला म्हणून सांगता मला.”

साहेब लाल झाला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, तुझं खरं आहे, पण मला हुकूम मोडता येत नाही. आणि तो खरोखर गयावया करत होता. मला त्या दोघांचीही कीव आली. एकाच्या पायात राजधानी, दुसरीच्या पायात करार.

त्यानं पत्र लिहिलं. मीच साफ प्रत काढली, त्याच्या शब्दांत माझेही दोन घातले. त्रेचाळीस दिवसांनी उत्तर आलं. मिस्त्रीला सोडता येणार नाही. मात्र सरकार दोन होड्या देईल, वऱ्हाड वर आणावे.

साहेबाला वाटलं, मोठी बातमी आणली. वहिनी रडायला लागली. तोवर तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. रडली ती रागानं. मुलाकडचे अकरा दिवस होडीत बसून येणार, मुलीच्या दारात, आणि दार कुठे आहे? घर अर्धं मोडलेलं. खाऊ काय घालायचं? आणि आयुष्यभर ऐकून घ्यायचं, की सुनेला आणायला आम्हाला डोकी कापणाऱ्यांच्या गावी जावं लागलं.

पण तिनं हो म्हटलं. दुसरं काही उरलंच नव्हतं.

वऱ्हाड आलं ते अडतीस माणसांचं. सेना आली, मुलगा आला, त्याचे आईबाप, काका, इमाम, वाजवणारे. होडीतून उतरताना प्रत्येकजण काही ना काही कुरकुरत होता. मेरिंगाईनं लांबघराची पडवी उघडून दिली आणि आमच्यासाठी आपली डुकरं पाच दिवस ओढ्यापलीकडे हाकलून ठेवली. ती रोज पोहून परत यायची आणि त्याच्या बायका रोज हाकलायच्या. मातुसिन मिस्त्रीनं तासलेल्या नव्या फळ्यांवर बसून मुलीचा हात दिला. तेवढं बोलताना त्याचा आवाज फुटला आणि इमामांना ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावं लागलं. साहेब कोट घालून, घामानं निथळत, शेवटपर्यंत बसला होता.

लग्न झालं आणि पाऊसच पडेना. नदी इतकी उतरली की खालच्या धबधब्यातले दगड दातांसारखे वर आले. मोठ्या होड्या जाणं अशक्य. वऱ्हाड अडकलं, सात आठवडे. पाहुणे पहिल्या आठवड्यात रुसले, दुसऱ्यात भांडले, तिसऱ्यात कंटाळून कामाला लागले. मुलाचा काका होड्या बांधणारा. त्यानं इथलं लाकूड पाहिलं आणि एक होडी बांधायला घेतली. कोणी मिरच्या लावल्या, कोणी ओंगच्या दुकानाशेजारी साबुदाण्याची बिस्किटं भाजू लागलं. साहेबानं सगळ्यांना झोपड्या एका ओळीत बांधायला लावल्या, किल्ल्यापासून साठ पावलांवर. तीच आमची पहिली गल्ली. पहिलं घर वहिनीचं, दुसरं ओंगचं, अजून तसंच आहे.

पाणी वाढलं तेव्हा अडतीसांतली सतरा माणसं गेलीच नाहीत. गेली ती सेना. नवऱ्याबरोबर, खाली, समुद्राकाठी. नवरा मासेमार, त्याला नदीत करमेना. ज्या सासरी मुलगी जावी म्हणून आई तळमळत होती तिथे मुलगी गेली, आणि आई धक्क्यावर उभी राहिली. होडी वळणाआड गेल्यावर ती मिस्त्रीला म्हणाली, आता लवकर बांध. बास.

तिसरा किल्ला पुढच्या वर्षी पुरा झाला. साहेबाची बदली झाली. जाण्यापूर्वी त्यानं राजधानीसाठी अहवाल लिहून घेतला, त्यात नांगा तेराप, म्हणजे तेरापच्या मुखावरच्या या आमच्या गावाच्या स्थापनेचा दिवस लिहायचा होता. मी विचारलं, कुठला लिहू? त्यानं पहिल्या किल्ल्यावर झेंडा चढवला तो दिवस सांगितला. मी तोच लिहिला. त्या किल्ल्याची एक फळीसुद्धा या गावात नाही. पण कागदावर तोच दिवस आहे, आणि संस्थापक म्हणून गॅरिक साहेबाचं नाव. वहिनीला मी हे कधी वाचून दाखवलं नाही.

करार संपला. मातुसिन मिस्त्री आणि रापिआवहिनी होडीत बसून गावी निघाले तेव्हा तिनं आपली भांडी, चटई, सगळं वाटून टाकलं. ओंगलासुद्धा तवा दिला. मला म्हणाली, आता तू लग्न कर आणि खोटं लिहिणं सोड.

अडीच महिन्यांनी दोघं परत आली.

काय झालं ते मिस्त्रीनं मला हळूहळू सांगितलं, काम करता करता. त्यांच्या घराचं अर्धं आवार समुद्रानं खाल्लं होतं. विहिरीला खारं पाणी आलं होतं. चांगल्या फळ्या त्याच्या भावानं आपल्या घराला लावल्या होत्या, विचारून नव्हे, पण लपवूनही नव्हे. मिस्त्रीनं उरलेले खांब ठोकून बघितले, आतून पोकळ वाजत होते. लाकूड आणायचं तर जवळपास उरलं नव्हतं. मग दोघं मुलीकडे राहिली. शेजारणी वहिनीला नांगा तेरापची रापिआ म्हणू लागल्या, आणि तिनं कितीही दुरुस्त केलं तरी तसंच म्हणत राहिल्या. एके दिवशी जेवताना सेनाच्या सासूनं अगदी मायेनं विचारलं, अजून किती दिवस मुक्काम, म्हणजे तांदूळ तसे भरून ठेवायला. त्या दिवशी वहिनीनं गाठोडं बांधलं. सेना होडीपर्यंत आली, तिच्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता. बाळंतपणाला वर ये, असं वहिनीनं सांगितलं. सासरची पाठवणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं.

येताना अकरा दिवस ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती, असं मिस्त्री म्हणाला.

त्यांची होडी लागली तेव्हा मी धक्क्यावर होतो. तिनं मला पाहिलं. चढण चढून ती आपल्या घरापाशी गेली. ती नसताना ओंगनं आपल्या दुकानामागून एक गटार काढलं होतं, ते बरोबर तिच्या पायरीखालून गेलं होतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं. गटाराकडे पाहिलं, मग ओंगच्या दाराकडे पाहिलं.

“अरे मेल्या, बाहेर ये,” ती म्हणाली. “कुदळ घेऊन ये.”

ओंग कुदळ घेऊन बाहेर आला.